युगेतबाई चुकल्या

फ्रान्समधल्या आमच्या मोंत्रबेलमध्ये आजही कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघणार असेल, तर तो माणूस आधी मागे वळून बघतो. युगेतबाई आसपास नाहीत याची खात्री झाली की मगच बोलतो, आणि बरेचदा खात्री झाल्यावरही बोलत नाही. खाटीक रेजिस पन्नाशी ओलांडून आजोबा झाला, तरी बाई दुकानात आल्या की हातातला सुरा खाली ठेवून ताठ उभा राहतो. औषधाच्या दुकानातली क्लोतिल्द बाईंना पाकीट देताना त्यावरचं इंग्रजी नाव अंगठ्याखाली झाकते, न जाणो वाचायला लावतील. आमचे नगराध्यक्ष लिओनेल एरवी तासभर भाषण ठोकतात, पण पहिल्या रांगेत बाई दिसल्या की पाच मिनिटांत आटोपतं घेतात. त्यामुळे गावातल्या प्रत्येक समारंभाचं आमंत्रण बाईंना अगदी आग्रहाने जातं.

युगेत शाब्रिये यांनी गावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. मारलं कधी कुणाला नाही, आवाजही चढवला नाही. मूल चुकलं की चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." मूल पुन्हा म्हणायचं, पुन्हा चुकायचं. "पुन्हा." बाकीचा वर्ग श्वास रोखून बसायचा. आज गावात जे जे कर्ते-सवरते आहेत ते सगळे या एका शब्दाखालून गेलेले आहेत.

त्यांचा खरा राग नामांवर. क्रियापदाचं काही हुकलं तर त्या एकवेळ सोडून देत, पण एका नामाच्या खुर्चीवर दुसरं नाम येऊन बसलेलं त्यांना खपत नसे. दोष फ्रेंच भाषेचा. फ्रेंच माणूस खाण्यापिण्यात सढळ आणि शब्दांत कंजूष. एका शब्दात दोन कामं उरकतो. झाडाखाली बसायची ती सावली आणि आपल्या पायाला चिकटून चालते तीही सावली, दोन्हींना एकच शब्द. हातातून निसटतो तो वेळ आणि खिडकीबाहेरची हवा, दोन्हींना एकच. पाहुणा आणि यजमान यांनाही एकच. कोण कुणाकडे जेवायला आलंय हे आमच्याकडे भांडी कोण घासतंय यावरून ओळखायचं. इंग्रजांनी मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द ठेवलाय, आणि कुठला कुठे वापरायचा हे त्यांचं शेंबडं पोरही न विचारता सांगतं. आपण घोकायचं.

या रागाचं मूळ बाईंनी गावात कधी कुणाला सांगितलं नाही. ऐन विशीत त्या एक वर्ष इंग्लंडात होत्या, यॉर्कशरमधल्या ऑलर्सबी नावाच्या खेड्यात, तिथल्या शाळेत फ्रेंच शिकवायला. वडील लाकडाच्या वखारीत कामाला, त्या घरातून परदेशी जाणारी ही पहिलीच मुलगी. पहिल्याच रविवारी घरमालकिणीने छान भाजलेलं मांस वाढलं, तेव्हा चार शब्द कौतुकाचे बोलावेत म्हणून युगेत उठून उभी राहिली. आता फ्रेंचमध्ये स्वयंपाकीण आणि शेगडी यांनाही एकच शब्द आहे. युगेतने इंग्रजी शब्द उचलला तो नेमका नको तो, आणि भरल्या घरात मालकिणीला सांगितलं की आपण फार उत्तम शेगडी आहात. टेबलावरची माणसं पोट धरून हसली. मालकिणीची मुलगी ईनिड तर इतकी हसली की तिला ठसका लागून अंगणात न्यावं लागलं. युगेत वरच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि ठरवलं की यापुढे इंग्रजीत चुकायचं नाही. ते तिने पाळलं, आणि पुढे सगळ्या गावाकडून पाळून घेतलं.

थोड्या वेळाने ईनिड पुडिंगची बशी घेऊन वर आली होती. "आमच्या आईला बाबांनीसुद्धा इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं," ती दाराबाहेरून म्हणाली. दार उघडलं, आणि त्या दोघींचं तेव्हापासून जे जमलं ते जमलंच.

ईनिडने पुढे हॅरॉल्ड नावाच्या मेंढपाळाशी लग्न केलं. मेंढ्या टाकून त्याला कुठे हलता यायचं नाही, म्हणून तिलाही चार दिवसांच्या वर नाही. युगेतबाईंनी लग्न केलं नाही. पण आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांनाही हलता यायचं नाही. दोन गावांची सोयरीक जुळवायची टूम या दोघींचीच. आमच्याकडे गावोगाव अशी परदेशातल्या कुठल्या तरी गावाशी सोयरीक असते. वेशीवर दोन्ही नावांची पाटी लागते, एका वर्षी ते येतात, पुढच्या वर्षी आपण जातो, घराघरांत पाहुणे वाटून घेतात आणि रविवारी मोठं जेवण घालतात. ऑलर्सबीची बस आली की ईनिड बाईंकडे उतरायची. गावाला वाटायचं, सोयरीक दोन गावांची आहे. बाईंच्या लेखी ती दोन बायकांची होती, गावं आपली सोबतीला.

यंदा ईस्टर झाल्यावर ईनिडचा फोन आला.

"युगेत, आधीच कानावर घालते. आमच्या कमिटीवर तो नवा ग्रेंजर आलाय. म्हणतो, मे महिन्यातली खेप ही शेवटची."

"का? जेवण आवडत नाही का तुमच्या लोकांना?"

"जेवणाला कोण नावं ठेवेल? तो म्हणतो, फ्रेंच माणसं बोलतच नाहीत. चार तास खाऊ घालतात आणि तोंडाकडे बघत बसतात. मागच्या खेपेला त्याला वाटलं, गावात कुणी वारलंय. बाकीच्यांनाही आता स्पेनला जायचंय, तिथे ऊन तरी आहे म्हणे."

बाईंना हे खोटं म्हणता येईना. सुरुवातीच्या वर्षांत ज्या म्हाताऱ्यांनी पाहुणे घरी ठेवले, त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, आणि तरी ते गप्पांतून उठायचं नाव घ्यायचे नाहीत. रेजिसच्या बापाने तर एका इंग्रज पोस्टमनला डुक्कर कसं फोडतात ते स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं होतं. पोस्टमनने जाताना त्याला मिठी मारली. ती माणसं आता राहिली नाहीत. आता टेबलाशी बसणारे सगळे इंग्रजी शिकलेले, आणि सगळे मुके.

बाईंनी यावरून निष्कर्ष काढला की शिकवणं कमी पडलं. फोन ठेवला त्याच दिवशी त्यांनी लिओनेलला निरोप धाडला: ज्यांच्याकडे पाहुणे उतरणार त्या प्रत्येकाने मंगळवारी संध्याकाळी शाळेत यायचं. ईनिड परत येणार नाही, या विचाराने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, पण हे काही त्यांनी निरोपात घातलं नाही.

झाडून सगळे आले. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले.

"लिओनेल," बाई म्हणाल्या, "मागच्या खेपेला घराखाली वाइन दाखवायला नेताना पाहुण्यांना काय म्हणालास?"

नगराध्यक्ष उभे राहिले. "माझ्या केव्हमध्ये चला, म्हणालो."

"केव्ह म्हणजे गुहा. ते सगळे बॅटऱ्या घेऊन आले होते."

"तळघरातही अंधारच आहे, बाई. कामाला आल्या."

"सेलर. पुन्हा."

क्लोतिल्दने आपणहून कबुली दिली. "मला सांगायचं होतं की या धंद्यात माझा पुष्कळ अनुभव आहे. आणि मी सांगून बसले की गिऱ्हाइकांवर मी पुष्कळ प्रयोग केलेत."

"मग?"

"मग काय, त्या पाहुण्या बाईंनी खोकल्याचं औषध हळूच परत ठेवलं आणि घसा धरून निघून गेल्या."

रेजिसला वेगळीच अडचण होती. जनावर रानात असताना इंग्रजीत त्याचं एक नाव आणि ताटात आल्यावर दुसरं, हे त्याच्या धंद्याच्या मुळावर येत होतं.

"रानात शीप, ताटात मटन. बरोबर?"

"बरोबर."

"रानात पिग, ताटात पोर्क."

"शाबास."

"आणि माझ्या दुकानात आकड्याला टांगलेलं असतं तेव्हा काय, बाई? ना रानात, ना ताटात. तेव्हा त्याला हाक काय मारायची?"

बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. "तुला हाक कशाला मारायची आहे त्याला? पहिल्यापासून म्हण."

दर मंगळवारी असा रगडा चालला. शेवटच्या मंगळवारी कुणाला मध्येच उठवून विचारलं तरी सावल्या आपापल्या जागी पडत होत्या, वेळ आणि हवा वेगळी झाली होती, पाहुणे आणि यजमान आपापल्या खुर्च्यांवर बसले होते. बाई समाधानाने घरी गेल्या आणि त्यांनी ईनिडच्या खोलीचे पडदे धुवायला काढले.

बस शुक्रवारी आली. रविवारी सभागृहात लांबच लांब टेबलं लागली, एक आपला आणि एक त्यांचा असं आलटून-पालटून बसवलं. कणकेच्या कवचात बटाटे भरून भाजलेलं पाते आलं, वरच्या कवचाला भोक पाडून घट्ट साय ओतलेलं. मग गोमांसाचा रस्सा, मग बकरीचं चीज. जेवणात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि सभागृहात काट्या-चमच्यांचा तेवढा आवाज होता.

रेजिससमोर खुद्द ग्रेंजर बसला होता, उंच, हडकुळा, सभ्य माणूस. त्याने घास गिळून म्हटलं की आज हवा छान आहे. याच्या उत्तराची रेजिसची तयारी जय्यत होती. त्याने तोंड उघडलं, आणि नजर गेली ती सरळ टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंकडे. बाई धीर द्यायला हसल्या. त्यांचं ते हसू चष्म्यावरून आलं. रेजिसने तोंड मिटलं आणि ग्रेंजरच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

पलीकडे क्लोतिल्दचंही तेच झालं. लिओनेलचंही. इंग्रजांनी काहीही विचारलं की आमचं माणूस आधी बाईंकडे बघे, ओठ हलवे, आणि मग काहीतरी वाढे. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या मुकाट्याने उठून खांबाच्या आडोशाला जाऊन बसल्या. आता सगळ्यांच्या माना खांबाकडे वळू लागल्या. तिथे बसून बाईंना पहिल्यांदा उमगलं की या माणसांचं काही कमी पडलेलं नव्हतं, झालं होतं ते जास्तच, आणि ते करणाऱ्या आपणच. त्यांनी चीजची बशी बाजूला सारली. ग्रेंजरने घड्याळात बघितलं.

जेवणानंतर आभाराचं भाषण बाईंनीच करायचा रिवाज होता. त्या उठल्या तेव्हा समोर ईनिड आपला रुमाल नीट घडी घालून ताटाशेजारी ठेवत होती, दोन्ही हातांनी दाबून, जेवण संपलं की माणूस ठेवतो तसा. बाईंची नजर त्या हातांवर खिळली. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, "प्रिय मित्रांनो, इतक्या लांबचा ट्रॅव्हल करून तुम्ही आलात..."

सभागृह गार पडलं. ही चूक पहिल्या महिन्यातली: प्रवासाला फ्रेंचमध्ये एकच शब्द, इंग्रजीत चार. या एका शब्दासाठी इथल्या प्रत्येकाला कधी ना कधी उभं राहावं लागलं होतं.

"जर्नी," रेजिस मोठ्याने म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"जर्नी कशी?" क्लोतिल्द इंग्रजीतच त्याच्यावर घसरली. "आले आणि उद्या जाणार. जाऊन-येऊन असते ती ट्रिप."

"मधे समुद्र आहे," लिओनेल म्हणाले. "समुद्र असला की व्हॉयेज."

"समुद्राच्या खालून आले ते, बोगद्यातून," क्लोतिल्द म्हणाली. "खालून गेलं तर समुद्र धरत नाहीत."

"कोण म्हणतो धरत नाहीत?"

"माफ करा," ग्रेंजर म्हणाला, "आम्ही बोटीने आलो."

"बघ," लिओनेलनी टेबलावर थाप मारली. "व्हॉयेज."

"पण बोटीच्या एवढ्याशा फेरीला काही कुणी व्हॉयेज म्हणत नाही," ग्रेंजर म्हणाला. "ट्रिपच म्हणावं लागेल."

"काहीतरीच तुझं," त्याची बायको पलीकडून म्हणाली. "ट्रिप म्हणजे डबा घेऊन जातात ती. बसमध्ये माझी कंबर मोडली, तिला ट्रिप म्हणतोस? मी तर जर्नी म्हणेन."

"माझं तेच म्हणणं होतं," रेजिस म्हणाला.

आमच्या लोकांना परक्या भाषेत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, पण दुसऱ्याची चूक काढायची म्हटली की त्यांना कुठलीही भाषा येते. आणि इंग्रज आपसांतच भांडताहेत, त्यांनाही नक्की ठाऊक नाही, हे दिसल्यावर तर सगळे बांध फुटले. टेबलाच्या एका टोकाला पाच वाजता लांबत जाते ती झाडाची सावली दोन्हींतली कुठली, यावर दोन यॉर्कशरवाल्यांची जुंपली. क्लोतिल्द घसा धरणाऱ्या त्या बाईंना ओळखून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. रेजिसने ग्रेंजरला आकड्याला टांगलेल्या जनावराचं नाव विचारलं. ग्रेंजरने फार वेळ विचार करून, आपल्याला माहीत नाही असं कबूल केलं आणि मेंढीचे भाव काय आहेत ते विचारलं. यात दर वाक्याला चुका होत होत्या. खांबाकडे कुणी बघत नव्हतं.

बाई उभ्याच होत्या. कानशिलं तापली होती. भाषण पुरं करा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्या आपल्या आपण खाली बसल्या.

संध्याकाळी ग्रेंजरने लिओनेलचा हात हातात घेऊन सांगितलं, की पुढच्या वर्षी तुम्ही या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला मोठी बस करावी लागेल. लिओनेल धावतच बाईंकडे आले.

"मानलं तुम्हाला, बाई. काय मुद्दाम चुकलात."

"मुद्दाम नाही, लिओनेल. चुकले."

"हो, हो. चुकलात," लिओनेलनी डोळा मिचकावला.

"खरंच सांगते आहे."

"बाई आणि चूक?" मागून रेजिस म्हणाला. "आम्ही काय काल जन्मलो? पण कुणाला बोलणार नाही आम्ही, तुम्ही निश्चिंत असा."

बाईंनी क्लोतिल्दलाही सांगून पाहिलं. ती नुसती हसली. चुकले हा शब्द उच्चारायला त्यांना जन्म लागला, आणि उच्चारला तर ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. याचं त्यांना हसू आलं आणि जरा रागही आला.

सोमवारी सकाळी बस बाईंच्या दाराशी उभी होती. रेजिस पाहुण्यांच्या बॅगा तिच्या पोटात भरत होता. ईनिड स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात धरून बसली होती.

"सगळे म्हणतायत तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "मी गप्प बसले. पण तुझे कान लाल झाले होते, युगेत. काय झालं होतं गं तुला?"

बाईंनी कोरडा ओटा पुन्हा पुसला. "तू रुमालाची घडी घालत होतीस. मला वाटलं, संपलं. आता ही यायची नाही."

"ग्रेंजर नाही म्हणाला म्हणून?"

"तो नाही म्हणाला असता तर बस आली नसती."

"बस आली नसती. मी आले असते की." ईनिडने कप खाली ठेवला. "हॅरॉल्ड गेला, मेंढ्या विकल्या. एवढ्या मोठ्या घरात मी भिंतींशी बोलते. केव्हाची वाट बघतेय, ही बाई एकदा तरी म्हणेल, ये म्हणून. तू फोनवर कमिटी बोलतेस, गाव बोलतेस, जेवणात काय करायचं ते बोलतेस. मला वाटायला लागलं होतं, तुला मी बसबरोबर आलेलीच बरी वाटते."

ते आमंत्रण बाईंनी मनात किती वेळा जुळवलं होतं. नुसतं ये म्हणायचं, की राहायला ये म्हणायचं; राहणं म्हटलं तर जास्त होईल का, भेट म्हटलं तर परकं वाटेल का. प्रत्येक शब्दात काहीतरी खोट निघायची, आणि निर्दोष होईपर्यंत बोलायचं नाही हा त्यांचा नियम. टेबलाशी रेजिसचे ओठ नुसतेच हलताना बघून त्यांना त्याची कीव आली होती. स्वतःचे ओठ इतकी वर्षं तसेच हलत होते, ते त्यांना आत्ता दिसलं.

बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ईनिडने कोट चढवला आणि ती दारापर्यंत गेली.

"ईनिड," बाई म्हणाल्या, आणि पुढचं सगळं इंग्रजीत एका दमात बाहेर पडलं. नाम चुकलं, काळ चुकला, मधले दोन शब्द तर फ्रेंचच राहून गेले. बस नको, कमिटी नको, तू ये, हिवाळाभर राहा, मला एकटीला संध्याकाळी घास उतरत नाही, असं काहीसं ते होतं.

ईनिड उंबऱ्यावर थांबली. तिने नाक पुसलं.

"हिवाळ्याला अजून पुष्कळ अवकाश आहे," ती म्हणाली. "तोवर तिकडे जाऊन मी काय करू?"

मग तिने रस्त्यावर जाऊन रेजिसला आपली बॅग उतरवायला सांगितली. ती सगळ्यांत आधी ठेवलेली, म्हणजे सगळ्यांत तळाशी. रेजिसला ती काढायला अख्ख्या ऑलर्सबीचं सामान रस्त्यावर मांडावं लागलं, ग्रेंजर खाली उतरून त्याला हात देऊ लागला, आणि त्या बॅगांच्या पसाऱ्यात उभ्या राहून युगेतबाई सगळ्या गावादेखत रडत होत्या.